चालू नर्सिंग होममधील बांधकामाला स्वतंत्र परवानगी हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या उपनगरांतील बरीचशी नर्सिंग होम राहत्या इमारतींच्या तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर, दोन-तीन फ्लॅट एकत्र करून उभी राहिली आहेत. त्यांतली अनेक आता तीस-चाळीस वर्षांची झाली. कोणाला शेजारचा गाळा मिळाला आहे, कोणाला दहा खाटांच्या वीस करायच्या आहेत, कोणाला आयसीयू जोडायचा आहे, तर कोणाच्या ऑपरेशन थिएटरच्या भिंतींना ओल येऊन रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत. ही कामे झालीच पाहिजेत. मात्र ती होत असताना नर्सिंग होम बंद नसते. एका खोलीत रुग्ण दाखल असतात आणि प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे गवंडी भिंत फोडत असतो. उपनगरांतील लहान रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझी सारी नोकरी झाली आणि अशी कामे मी आतून पाहिली आहेत, म्हणून हे पत्र. महापालिकेने अशा कामांसाठी स्वतंत्र परवानगीची पद्धत सुरू करावी आणि ती देताना ‘काम चालू असेपर्यंत किती खाटा रिकाम्या ठेवणार’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, अशी माझी मागणी आहे.

नर्सिंग होम पूर्ण बंद करून मगच काम करावे, असा आग्रह मी धरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो मार्ग सोपा वाटतो, पण ज्या गर्भवतीने तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवले तिची प्रसूती कंत्राटदाराच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही आणि ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते त्याला ‘दिवाळीनंतर या’ असे सांगता येत नाही. डॉक्टरांच्या डोक्यावर बँकेचे हप्ते असतात, आणि काही महिने पगार थांबले की शिकवून तयार केलेल्या सिस्टर दुसरीकडे जातात त्या परत येत नाहीत. जवळपास दुसरा पर्याय असतोच असेही नाही. बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे एम. टी. अगरवाल, गोरेगावचे सिद्धार्थ ही पालिकेची रुग्णालये पुनर्बांधणीसाठी घेतली गेली आणि ती कामे वर्षानुवर्षे लांबली. अशा काळात त्या परिसरातील माणसाला सायन, केईएम किंवा कूपर गाठावे लागते, नाहीतर घराजवळच्या नर्सिंग होमची पायरी चढावी लागते. तेव्हा सेवा चालू राहण्यात रुग्णाचेही हित आहे. पण सेवा चालू ठेवणे आणि सगळ्या खाटा भरलेल्या ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सारे नुकसान या दोहोंची गल्लत केल्यामुळे होते.

खाटा कमी करण्याचा अर्थ फक्त काम चाललेली खोली रिकामी करणे एवढाच नाही. तिला लागून असलेली, तिच्या वरची आणि तिच्या खालची खोलीही रिकामी ठेवावी लागते, कारण धूळ, हादरे, आवाज आणि पाण्याची गळती भिंतीशी येऊन थांबत नाहीत. म्हणजे पंधरा खाटांच्या ठिकाणी एका वेळी सहा-सात खाटाच चालवता येतील आणि काम तीन-चार टप्प्यांत करावे लागेल. मी ज्या ज्या ठिकाणी काम केले त्यांतल्या एका ठिकाणी डॉक्टरांनी हे मनावर घेतले होते. त्यांनी निम्म्याहून अधिक खाटा बंद केल्या, ठरवून करायची ऑपरेशने ओळखीच्या दुसऱ्या नर्सिंग होममध्ये नेली, तिथे आमच्याच सिस्टर पाठवल्या आणि बाळंतपणाचा भाग शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवला. काम अपेक्षेपेक्षा बरेच लांबले, खर्चही वाढला. पण त्या सबंध काळात एकाही रुग्णाला धुळीत झोपावे लागले नाही. याच्या उलट दुसऱ्या एका ठिकाणी एकही खाट कमी केली नव्हती. तिथे दर तासाला सलाईनचे स्टँड पुसले तरी बोटाला सिमेंट लागायचे, आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या उशाशी असलेल्या भिंतीवर पलीकडून ड्रिल चालू असायचे.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते आणि मुंबईत ती महापालिका करते. २०२१ मध्ये त्याखालील नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनदही त्यांत आली. आगीच्या बाबतीत २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून द्यावे लागते. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब मध्ये आहे. परंतु यांतले प्रत्येक कागदपत्र तयार झालेल्या, स्थिर जागेकडे पाहते. आरोग्य विभागाचे अधिकारी खाटा आणि कर्मचारी मोजतात, अग्निशमन दल जिने आणि नळ पाहते, इमारत विभाग नकाशा पाहतो. अर्धी भिंत पडलेली आहे, एक जिना गोण्यांनी अडला आहे, फायर अलार्म धुळीने वाजतो म्हणून बंद करून ठेवला आहे आणि त्याच वेळी आत रुग्ण आहेत, या अवस्थेची जबाबदारी कोणत्या खात्याकडे आहे, हे माझ्या नोकरीच्या काळात मला कोणी सांगू शकले नाही.

जबाबदारीतल्या या पोकळीची किंमत मुंबईने मोजलेली आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्क भागातील सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण दगावले. तिच्या तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होते आणि त्या जागेत नूतनीकरण चालू असताना खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीत मरोळ येथील कामगार रुग्णालयाला आग लागली, तेव्हा रुग्णालय चालू होते आणि त्याच आवारात बांधकामही सुरू होते. अनेक जीव गेले. बरेचसे धुरात गुदमरून. एक दुर्घटना भिंतीच्या आत शिरलेल्या हातोड्याची आणि दुसरी चालू रुग्णालयात साठलेल्या धुराची. उपनगरातले एखादे लहान नर्सिंग होम विस्तारले जाते तेव्हा हे दोन्ही धोके एकाच छताखाली असतात आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहत असतात.

खांबांविषयी एवढेच म्हणते की दोन फ्लॅट एकत्र करताना मधली भिंत ‘साधी विटांची’ आहे हे कंत्राटदाराने ठरवायचे नसते. जुन्या, भारवाहक भिंतींच्या इमारतीत साधी दिसणारी भिंतच वरचे मजले पेलत असते. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही फोडण्याआधीही हवी आणि फोडून झाल्यावर त्याने प्रत्यक्ष येऊन पाहायलाही हवे, आणि तो अहवाल सोसायटीच्या सूचना फलकावर लागला पाहिजे. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे जड यंत्र येणार असेल तर ते कोणत्या स्लॅबवर बसणार, हे वर राहणाऱ्या माणसाला कळण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता धुळीविषयी, कारण माझ्या मते सर्वांत कमी समजलेला आणि सर्वांत अधिक फसवा धोका हाच आहे. जुनी भिंत किंवा फॉल्स सीलिंग फोडले की त्यात वर्षानुवर्षे ओलीमुळे वाढलेली बुरशी हवेत उडते. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉन आकाराचे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोहोचतात. धडधाकट माणसाला त्यांचे काही वाटत नाही. पण केमोथेरपी घेणारा, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेला, प्रत्यारोपण झालेला किंवा ज्याच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या आहेत असा रुग्ण यातून गंभीर आजारी पडतो, आणि तो आजार घरी गेल्यानंतर उद्भवला तर त्याचा संबंध बांधकामाशी कोणी जोडतही नाही. म्हणून नर्सिंग होममध्ये बांधकामामुळे संसर्ग झाल्याची तक्रार फारशी ऐकू येत नाही. तक्रार नाही याचा अर्थ संसर्ग नाही, असा घेता येणार नाही.

अमेरिकेतील रुग्णालयांत काम काढण्यापूर्वी संसर्गाच्या धोक्याचा एक तक्ता भरतात; त्याला थोडक्यात ‘इक्रा’ म्हणतात. त्याची मांडणी कोणालाही समजेल अशी आहे. एका बाजूला काम किती धुळीचे आहे याच्या पायऱ्या असतात, म्हणजे नुसती पाहणी, मग लहानसे छिद्र, मग भिंत घासणे, मग सरळ तोडफोड. दुसऱ्या बाजूला आसपासचे रुग्ण किती नाजूक आहेत याच्या पायऱ्या असतात. दोन्ही जिथे मिळतात तिथे कोणती खबरदारी सक्तीची आहे ते लिहिलेले असते. आपल्याकडे मानांकन घेतलेली मोठी रुग्णालये असे काही करतात. दहा-पंधरा खाटांच्या ठिकाणी मात्र हा तक्ता कोणी पाहिलेलाही नसतो, आणि खरे तर तिथेच त्याची गरज जास्त आहे, कारण मोठ्या रुग्णालयाला बंद करायला एक सबंध मजला असतो आणि इथे कामाच्या नि रुग्णाच्या मधे एक पॅसेज असतो.

यासाठी पैसाच लागतो असे नाही. पडदा जाड प्लास्टिकचा, सर्व कडांनी टेपने चिकटवलेला हवा आणि तो वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत गेला पाहिजे. फॉल्स सीलिंगपर्यंत नेऊन सोडलेला पडदा पाहायला नीटनेटका दिसतो, पण त्याच्या वरच्या पोकळीतून धूळ थेट शेजारच्या वॉर्डात उतरते. कामाच्या खोलीच्या खिडकीत बाहेर फेकणारा मोठा एक्झॉस्ट फॅन लावला आणि खोलीची इतर तोंडे बंद केली की हवा वॉर्डाकडून कामाकडे वाहते, उलटी येत नाही. टिश्यू पेपरची पातळ पट्टी दाराच्या फटीशी धरून पाहावी. ती कामाच्या बाजूला ओढली गेली पाहिजे. ही परीक्षा मावशीही दिवसातून दोनदा करू शकते. अर्थात, ती खिडकी वरच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराखाली उघडत असेल तर आपली धूळ शेजाऱ्याच्या ताटात घालायची का, हाही प्रश्न येतो, आणि मग ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा हेपा फिल्टर बसवलेले यंत्र भाड्याने आणावे लागते. तोडण्यापूर्वी भिंत भिजवणे, कोरडा झाडू पूर्ण बंद करणे, दाराशी ओले पायपुसणे ठेवणे आणि मजुरांचा रस्ता रुग्णांच्या रस्त्यापासून वेगळा काढणे, या बाकीच्या गोष्टी केवळ शिस्तीच्या आहेत.

लिफ्टचा प्रश्न मुंबईत विशेष बिकट होतो, कारण ती एकच असते. त्याच लिफ्टमधून डेब्रिजच्या गोण्या, जेवणाचे डबे, स्वच्छ चादरी, वापरलेल्या चादरी, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या आणि स्ट्रेचरवरचा रुग्ण जातो. गोण्या झाकून, ठरलेल्या तासांतच उतरवाव्यात आणि त्यानंतर लिफ्ट पुसल्याशिवाय रुग्ण आत घेऊ नये. बांधकामांच्या धुळीसाठी पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, पत्र्यांच्या उंच आडोशापासून झाकलेल्या ट्रकपर्यंत सर्व त्यांत आले. रस्त्यावरून जाणाऱ्या नागरिकाची जेवढी काळजी त्यांत घेतली आहे, तेवढी इमारतीच्या आत, तोडफोडीपासून चार हातांवर निजलेल्या रुग्णाची कोणीतरी घ्यावी, एवढेच मागते.

पावसाळ्यात या सगळ्याला आणखी एक बाजू येते. मुंबईत बांधकामाची ठिकाणे आणि हिवताप यांचा संबंध पालिकेच्या कीटकनाशक विभागाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. भिजवणीसाठी साठवलेले पाणी, उघडी पिंपे, फरशीवर तुंबलेले थर यांत डास वाढतात. डेंगीचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. जुलै ते ऑक्टोबरमध्ये नर्सिंग होमच्या निम्म्या खाटांवर तापाचेच रुग्ण असतात; म्हणजे डास वाढण्याची जागा, ज्याच्या रक्तात विषाणू आहे असा रुग्ण आणि ज्याला तो ताप व्हायला नको असा शेजारच्या खाटेवरचा रुग्ण, हे तिघे एकाच मजल्यावर येतात. शक्यतो तोडफोडीचा टप्पा पावसाळ्यात घेऊच नये. घ्यावा लागलाच तर साठवलेले प्रत्येक पिंप झाकलेले हवे आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून कोरडे झाले पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जो भाग दोन-तीन महिने बंद होता तिथल्या नळांत आणि गीझरमध्ये पाणी साचून राहते आणि त्यात लीजनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. शॉवरच्या तुषारांतून तो श्वासात जातो आणि न्यूमोनिया होतो. खोली पुन्हा उघडण्यापूर्वी सर्व नळ बराच वेळ वाहते ठेवणे आणि टाकी धुणे, एवढ्याने बहुतेक धोका टळतो. मुंबईत पाणी वाया घालवायला जीव कचरतो हे मी समजू शकते, तरीही हे पाणी ओतावेच लागते.

ऑक्सिजन आणि आग यांविषयी लिहिताना मात्र माझा स्वर थोडा कडक होईल. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून काही वेळ पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तिथे बांधकामाचा संबंध नव्हता, पण पुरवठा थोडा वेळ थांबला तर काय होते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लहान नर्सिंग होममध्ये ऑक्सिजनची तांब्याची नळी भिंतीवरून किंवा फॉल्स सीलिंगच्या वरून गेलेली असते आणि ती कुठून गेली याचा नकाशा बहुधा कोणाकडेच नसतो, कारण ती बसवणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो. ड्रिलचे टोक तिच्यात घुसले तर आयसीयूतला दाब पडतो, आणि बाहेर पडलेल्या ऑक्सिजनमुळे एरवी सहज न पेटणाऱ्या वस्तू भडकून पेटतात. तेव्हा पहिला हातोडा पडण्याआधी नळीचा मार्ग भिंतीवर रंगाने आखून घ्यावा, कोणता व्हॉल्व्ह कोणता भाग बंद करतो ते तिथेच लिहून लावावे आणि प्रत्येक गंभीर रुग्णाच्या खाटेशी भरलेला सिलिंडर नि अम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, तयार ठेवावी. वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम असेल त्या दिवशी त्या कामापुरती लेखी परवानगी, पाण्याच्या बादल्या व अग्निशामकासह उभा केलेला माणूस, आणि काम संपल्यावरही त्याने काही वेळ तिथेच थांबून पाहणे, हे सक्तीचे हवे. ठिणगी फटीत पडून तासाभराने धूर येतो आणि तोवर मजूर घरी गेलेले असतात. बिगारी रात्री तिथेच स्टोव्हवर स्वयंपाक करून झोपतात, ही प्रथा तर नर्सिंग होममध्ये एक रात्रही चालू देऊ नये.

आवाजाचा विचार आपण त्रास म्हणून करतो. कायद्याने रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे. ड्रिल मशीन ती मर्यादा केव्हाच ओलांडते. पण परिचारिकेसाठी आवाज हा त्रासाहून मोठा विषय आहे. पलीकडे तोडफोड चालू असताना स्टेथोस्कोपमधून छातीतली घरघर ऐकू येत नाही, बाळाचे ठोके मोजता येत नाहीत, आणि मॉनिटरचा किंवा सिरिंज पंपाचा अलार्म वाजला तरी टेबलापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी खाटांची संख्या तीच ठेवून सिस्टरची संख्याही तीच ठेवणे धोक्याचे आहे. तोडफोडीच्या तासांत एक जादा सिस्टर खाटांजवळ उभी हवी.

आणि इथेच माझ्या मागणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. काम थांबवण्याचा अधिकार कोणाला असावा? डॉक्टर ओपीडीत किंवा ऑपरेशनमध्ये असतात. इंजिनीअर आठवड्यातून एकदा येतो. कंत्राटदाराचा मुकादम डॉक्टरांशिवाय कोणाचे ऐकत नाही, आणि सिस्टरने ‘थोडा वेळ थांबा, पेशंटला झटके येताहेत’ असे सांगितले तर ‘मॅडम, लेबरचा रोज जातो’ हे उत्तर मिळते. चोवीस तास जागेवर असते ती सिस्टर, धूळ पहिल्यांदा दिसते तिला, रुग्णाचा श्वास बदललेला कळतो तिला, आणि थांबवण्याचा अधिकार नसतो तोही तिलाच. म्हणून प्रत्येक पाळीतील मुख्य परिचारिकेला काम तत्काळ थांबवण्याचा लेखी अधिकार असावा, तो कंत्राटाच्या करारातच लिहिलेला असावा, आणि थांबलेल्या तासांची भरपाई कंत्राटदाराला मालकाने द्यावी, सिस्टरकडे कोणी जाब मागू नये. हा अधिकार कागदावर आला तर उरलेल्या निम्म्या गोष्टी आपोआप होतील, असा माझा अनुभव सांगतो. अर्थात, जिथे परिचारिकाच अप्रशिक्षित ठेवल्या आहेत तिथे हा अधिकार कोण वापरणार, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर नोंदणीच्या मूळ अटी कसोशीने पाळण्यात आहे.

काम करणाऱ्या मजुरांचाही विचार व्हावा. जुन्या नर्सिंग होमच्या मोऱ्या आणि गटारे फोडताना त्यांत सुया, ब्लेड, काचेच्या कुप्या सापडतात. ज्या काळात कचऱ्याचे आजचे नियम नव्हते त्या काळातले ते आहे. ते हाताने उपसणाऱ्या बिगाऱ्याला जाड हातमोजे, गमबूट, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि शक्य तर हिपॅटायटिस बीची लस देणे हे ज्या घरात डॉक्टर आहेत त्या घराला जड जाऊ नये. गच्चीवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते कोरडे फोडू नयेत. त्यांतल्या ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात कायमचे राहतात.

दाखल होणाऱ्या रुग्णाला आधी सांगणे ही साधी गोष्टही सहसा होत नाही. नातेवाईक डिपॉझिट भरतात, वर जातात आणि मग ड्रिलचा आवाज ऐकतात. रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीचा हक्क आहे; कोणत्या भागात काम चालू आहे, ते कधीपर्यंत चालेल, कोणत्या वेळेत तोडफोड होईल, कोणत्या खाटा बंद आहेत आणि तक्रार कोणाकडे करायची, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, दाराशी आणि दाखल करण्याच्या टेबलावर लावलेले असावे. ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण आहे अशा रुग्णाला ‘तुम्ही या दिवसांत इथे दाखल होऊ नका’ असे सांगून दुसरीकडे पाठवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि ते करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

महापालिकेकडून मला नेमके काय हवे, ते सांगते. काम काढण्यापूर्वी नर्सिंग होमने विभाग कार्यालयातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे टप्प्यांचा आराखडा द्यावा. प्रत्येक टप्प्यात बंद राहणाऱ्या खाटा, रुग्णांचा नि मजुरांचा रस्ता, आगीच्या वेळी रुग्ण उतरवण्याचा जिना, ऑक्सिजनच्या नळीचा नकाशा आणि थांबवण्याचा अधिकार असलेल्या परिचारिकांची नावे त्यात असावीत. आरोग्य, इमारत आणि अग्निशमन या तिन्ही खात्यांनी तो एकत्र पाहावा, वेगवेगळ्या खिडक्यांवर नव्हे. एक टप्पा संपल्यावर कोणीतरी प्रत्यक्ष येऊन पाहिल्याशिवाय पुढचा सुरू होऊ नये. या परवानगीला मुदत असावी, पण घाईची मुदत नसावी. आणि तिच्यासाठी चहापाण्याचा नवा खर्च उभा राहू नये म्हणून किती दिवसांत उत्तर द्यायचे तेही ठरलेले असावे. प्रामाणिक डॉक्टरला यात त्रास कमी व्हावा, जास्त नाही. बंद ठेवलेल्या खाटांमुळे विमा कंपन्यांच्या यादीतून नाव जाणार नाही, अशी हमी आरोग्य खात्याने कंपन्यांशी बोलून मिळवली, तर खाटा रिकाम्या ठेवायला मालकही तयार होतील. वाढीव खाटांची नोंदणी देताना त्या प्रमाणात परिचारिका खरोखर नेमल्या आहेत का, हेही त्याच भेटीत पाहता येईल. नव्या खाटा आधी नि माणसे मागाहून, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

नवे ऑपरेशन थिएटर सुरू करण्याच्या दिवसाविषयी विशेष लिहिते, कारण सर्वांत मोठी घाई तिथेच होते. पूजा ठरलेली असते, पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली असतात आणि पहिली शस्त्रक्रियाही नक्की झालेली असते. परंतु थिएटर वरपासून खालपर्यंत अनेकदा धुऊन, निर्जंतुक करून, हवेच्या नि पृष्ठभागांच्या नमुन्यांच्या प्लेट प्रयोगशाळेत पाठवाव्या लागतात, आणि त्या उबवून अहवाल यायला दोन दिवस तरी जातात, बुरशीसाठी त्याहून जास्त. अहवाल हातात येईपर्यंत टेबलावर रुग्ण घेऊ नये. पूजा आधी झाली तरी हरकत नाही. शस्त्रक्रिया मात्र प्लेट स्वच्छ आल्यावरच व्हावी, आणि तो अहवाल वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी पाहिल्याची नोंद त्याच फाइलमध्ये असावी.

हे सारे करायला नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागणार नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी येणाऱ्या प्रत्येक अर्जात ‘पुढील तीन वर्षांत दुरुस्तीचे किंवा विस्ताराचे काम काढणार आहात काय, आणि काढणार असल्यास त्या काळात किती खाटा बंद ठेवाल’ एवढे दोन प्रश्न पालिकेच्या आरोग्य विभागाला आजही वाढवता येतील. सध्या ज्या नर्सिंग होममध्ये काम चालू आहे त्यांची विभागवार यादी पावसाळ्यापूर्वी करून प्रत्येक ठिकाणी एकदा तरी भेट द्यावी, ही विनंती आपल्या वृत्तपत्रातून संबंधित अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई